आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होऊ नये म्हणून…
(दहशतवादाचा धोका शहरं कशी मोजतात, आणि त्यातून आपण काय घ्यावं)



आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसं रोज सकाळी पाथ ट्रेननं किंवा न्यू जर्सी ट्रान्झिटनं हडसन ओलांडून मॅनहॅटनला कामाला जातात. स्टेशनवर बंदूकधारी पोलिस दिसतात, कधी टेबल मांडून बॅगा तपासणं चाललेलं असतं, कधी थँक्सगिव्हिंगच्या परेडला रस्त्याच्या तोंडाशी वाळूनं भरलेले कचऱ्याचे ट्रक आडवे लावलेले दिसतात. हे सगळं कोण ठरवतं? पोलिस याच स्टेशनवर का आणि पुढच्यावर का नाही? पैसा न्यूयॉर्कला किती आणि वायोमिंगला किती? या प्रश्नांची उत्तरं ज्या हिशेबातून येतात, त्याला जोखमीचं मूल्यमापन म्हणतात. हा हिशेब सोप्या भाषेत समजावून सांगावा, आणि आपल्या गणेशोत्सवाच्या, दिवाळीच्या कार्यक्रमांना त्यातलं काय लागू पडतं तेही पाहावं, यासाठी हा लेख. घाबरवण्याचा हेतू अजिबात नाही. उलट, नीट मोजलं की भीती कमी होते असाच आमचा अनुभव आहे.

तीन प्रश्न

गाडीचा विमा काढताना कंपनी आपल्याला काय काय विचारते ते आठवा. चालवणाऱ्याचं वय किती? गाडी रात्री गॅरेजमध्ये असते की रस्त्यावर? गाडीची किंमत काय? म्हणजे अपघात किंवा चोरी होण्याची शक्यता किती, ती रोखण्याची सोय काय आणि झालीच तर नुकसान केवढं, एवढंच त्यांना हवं असतं.

शहराच्या बाबतीतही प्रश्न हे तीनच आहेत.

१. धोका : इथे हल्ला करण्याची कोणाची इच्छा आहे का, आणि तेवढी कुवत आहे का?
२. कच्चे दुवे : हल्ला झाला तर तो किती सहज यशस्वी होईल?
३. नुकसान : यशस्वी झाला तर माणसं किती जातील, व्यवहार किती ठप्प होतील?

या तिघांचा गुणाकार म्हणजे जोखीम. इथे गुणाकार हा शब्द महत्त्वाचा आहे. बेरजेत एखादी संख्या शून्य असली तरी बाकीच्या उरतात. गुणाकारात एक शून्य आलं की सगळंच शून्य. एखादं ठिकाण कितीही उघडंवाघडं असो, तिथे हल्ला करण्यात कोणालाच रस नसेल तर जोखीम नगण्य. याउलट ठिकाण प्रसिद्ध आहे, धोकाही खरा आहे, पण कच्चे दुवे एकेक करून पक्के केले, तर धोका तेवढाच राहूनही जोखीम खाली येते.

हल्लेखोराच्या मनावर आपला ताबा नसतो. कच्च्या दुव्यांवर मात्र असतो. शहराच्या तयारीचं सगळं मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि दुर्दैवानं सर्वात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं.

१९९३ : दोन शहरं, दोन इशारे

योगायोग पाहा. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉम्बनं भरलेली व्हॅन उडवण्यात आली. सहा माणसं मेली, हजारावर जखमी झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १२ मार्च १९९३ ला, मुंबईत साखळी स्फोट झाले. २५७ माणसं गेली. दोन्ही शहरांना आपले कच्चे दुवे त्याच वर्षी दिसले. पुढे काय झालं?

न्यूयॉर्कमध्ये १९९३ साली धुरानं भरलेल्या अंधाऱ्या जिन्यांतून टॉवर रिकामे व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागला होता. हा दुवा तिथल्या पोर्ट ऑथॉरिटीनं मनावर घेतला. जिन्यांत बॅटरीवर चालणारे दिवे आले, पायऱ्यांना अंधारात चमकणारा रंग आला, आग लागल्यावर बाहेर पडण्याच्या कवायती सुरू झाल्या. ११ सप्टेंबर २००१ ला विमानं धडकली तेव्हा दोन्ही टॉवरमध्ये मिळून सुमारे १७,४०० माणसं होती. धडकेच्या मजल्यांच्या खाली असलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माणसं बाहेर पडली, असं नंतरच्या सरकारी तांत्रिक चौकशीत निघालं. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये २,७५३ जीव गेले, हे आपण विसरू शकत नाही. पण पायऱ्यांवरच्या त्या रंगानं आणि दिव्यांनी किती जीव वाचवले, हेही विसरू नये.

आता दुसरी बाजू. शहराचं आणीबाणी नियंत्रण केंद्र १९९९ साली कुठे उभारलं गेलं? सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीच्या २३व्या मजल्यावर! म्हणजे ज्या संकुलावर एकदा हल्ला होऊन गेला होता, त्याच संकुलात. ११ सप्टेंबरच्या सकाळी, जेव्हा या केंद्राची खरी गरज होती, तेव्हा ते रिकामं करावं लागलं. संध्याकाळी ती इमारतच कोसळली. सुदैवानं दुसऱ्याच दिवशी एका सरावासाठी हडसनकाठच्या पिअर ९२ वर सामान येऊन पडलेलं होतं, म्हणून तिथे नवं केंद्र उभं राहू शकलं. पुढे २००६ साली ते कायमस्वरूपी ब्रुकलिनला गेलं.

अग्निशमन दलाच्या रेडिओंचंही तेच. उंच टॉवरमध्ये त्यांचा आवाज वरपर्यंत पोचत नाही, हे १९९३ मध्येच कळलं होतं. ती अडचण पुरती सुटली नाही. टॉवर कोसळण्यापूर्वी बाहेर पडण्याचा निरोप वर चढलेल्या अनेक जवानांपर्यंत पोचलाच नाही. त्या दिवशी या दलाचे ३४३ जण गेले.

मुंबईची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. १९९३ ची स्फोटकं समुद्रमार्गे आली होती, रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीसारख्या ठिकाणी उतरवली होती. म्हणजे किनारा उघडा आहे हे तेव्हाच कळलं. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, दहा हल्लेखोर आले तेही समुद्रातूनच. कफ परेडजवळच्या मच्छीमार वसाहतीत ते उतरले. तिथल्या कोळी बांधवांना संशय आला होता, त्यांनी विचारपूसही केली. पण त्या संशयाचं पुढे काही करणारी यंत्रणा किनाऱ्यावर तयार नव्हती. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंना उत्तरेतून विमानानं आणावं लागलं, आणि त्यात मोलाचे तास गेले. १६६ माणसांचा बळी गेला. मुंबईत या दलाचं केंद्र झालं आणि राज्याची 'फोर्स वन' उभी राहिली, ते सारं त्यानंतर.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे ठेच लागलेलाच शहाणा झाला नाही. जोखमीचं मूल्यमापन म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एकदा लागलेली ठेच लिहून ठेवणं, आणि तो दगड उचलला की नाही हे दरवर्षी तपासणं.

पैसा वाटायचा कसा?

११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत होमलँड सिक्युरिटी खातं निर्माण झालं आणि मोठ्या शहरांच्या तयारीसाठी २००३ पासून खास अनुदान सुरू झालं. आपल्या भागातलं जर्सी सिटी–नेवार्क हे क्षेत्रही त्यात आलं. पण वाटपाची पद्धत काय?

राज्यांच्या अनुदानात सुरुवातीला प्रत्येक राज्याला एकूण रकमेच्या किमान ०.७५ टक्के मिळायलाच हवेत, असा कायदा होता. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण त्यामुळे माणशी हिशेब केला तर वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याला न्यूयॉर्कच्या कितीतरी पट पैसा जात होता. आपल्याकडे याला नेमकी म्हण आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! २००४ साली ११ सप्टेंबर आयोगानं स्पष्ट सांगितलं, की ही मदत फक्त जोखीम आणि कच्चे दुवे पाहून द्यावी, खिरापतीसारखी वाटू नये. २००७ च्या कायद्यानं राज्यांचा तो किमान वाटा कमी केला.

पण 'जोखीम पाहून द्या' म्हणणं सोपं. मोजणं अवघड. २००६ साली काय झालं ते पाहा. शहरांच्या अनुदानात न्यूयॉर्कचा वाटा आदल्या वर्षीच्या सुमारे २० कोटी ७० लाख डॉलरवरून सुमारे १२ कोटी ४० लाखांवर आला. म्हणजे थेट ४० टक्क्यांची कपात! खात्याच्या कागदावर न्यूयॉर्कपुढे 'राष्ट्रीय स्मारकं आणि मानचिन्हं' या रकान्यात शून्य होतं. लोक खवळले. ब्रुकलिन ब्रिज गेला कुठे? एम्पायर स्टेट बिल्डिंग गेली कुठे? खुलासा असा आला, की ब्रुकलिन ब्रिज 'पूल' या रकान्यात आहे आणि एम्पायर स्टेट 'उंच ऑफिस इमारत' या रकान्यात! हिशेब तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, पण कोणाला पटणार?

त्याच वर्षी जुलैमध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांची यादी तपासली. त्यात ७७,०६९ ठिकाणं होती. इंडियाना राज्याची ८,५९१, तर न्यूयॉर्क राज्याची ५,६८७. यादीत अलाबामातलं मुलांना शेळ्या-मेंढ्यांना हात लावू देणारं छोटं प्राणिघर होतं, टेनेसीतली खेचरांची मिरवणूक होती, पॉपकॉर्नचा कारखानाही होता. कारण उघड होतं. प्रत्येक राज्यानं आपापल्या समजुतीप्रमाणे यादी भरून पाठवली. कोणी काटेकोर, कोणी उदार. आपल्या मंडळात 'सामानाची यादी करा' म्हटलं की एक जण फक्त माइक आणि समई लिहितो, तर दुसरा टाचण्याही मोजतो, तसंच हे.

२००८ साली काँग्रेससाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या जीएओ या संस्थेनं आणखी एक गोष्ट उघड केली, आणि आमच्या मते ती सर्वात महत्त्वाची आहे. अनुदानाच्या सूत्रात 'कच्चे दुवे' या घटकाला सगळ्या राज्यांसाठी आणि शहरांसाठी एकच आकडा धरला होता : एक. आता कशालाही एकानं गुणलं तर काय होतं हे आपली तिसरीतली मुलंही सांगतील. म्हणजे गुणाकार कागदावर होता, पण ज्या घटकावर माणसाचा खरा ताबा आहे, तोच हिशेबातून गायब होता! एखाद्या शहरानं बोगद्यांना मजबुती दिली काय आणि नाही दिली काय, आकडा तोच.

यातून शिकायचं काय? आकडे आले म्हणजे शहाणपण आलं असं नाही. यादी कोणी केली, रकाने कोणी आखले, कशाला किती वजन दिलं, हे विचारायला हवं. नागरिक म्हणून आपणही ते विचारू शकतो.

वादळ पेपर वाचत नाही

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांच्या घरी वीज नव्हती, गॅससाठी रांगा होत्या. वादळाचीही जोखीम मोजतात. पण वादळ आणि दहशतवादी यांच्यात एक मोठा फरक आहे. आपण किनाऱ्यावर भिंत बांधली म्हणून वादळ दुसरीकडे वळत नाही. हल्लेखोर मात्र विचार करतो. एक दार बंद झालं की तो दुसरं शोधतो. विमानतळावर तपासणी कडक झाली की नजर रेल्वेकडे जाते. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये ५२ माणसं मारली गेली. मग स्फोटकं मिळवणं अवघड झालं तर साधा ट्रकच शस्त्र होतो. १४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीस शहरात ८६ जण ट्रकखाली गेले. ३१ ऑक्टोबर २०१७ ला मॅनहॅटनच्या पश्चिमेकडच्या सायकल मार्गावर आठ जण गेले. तो ट्रक आपल्याच न्यू जर्सीतून भाड्यानं घेतलेला होता. त्यानंतर त्या मार्गावर काँक्रीटचे अडथळे आले.

म्हणून हे मूल्यमापन एकदा करून फाइलीत ठेवण्याचं काम नाही. ते दरवर्षी नव्यानं करावं लागतं. आणि दुसऱ्याच्या शहरात घडलेलं आपल्याकडे घडलं तर, असंही विचारावं लागतं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी डिसेंबर २००८ मध्येच आपले वरिष्ठ अधिकारी मुंबईला पाठवले. एकाच वेळी अनेक ठिकाणी गोळीबार झाला तर काय करायचं, याचा धडा त्यांनी मुंबईकडून घेतला आणि आपल्या माणसांना तसं प्रशिक्षण दिलं. मुंबईनं भोगलं, त्यातून न्यूयॉर्क शिकलं. ताज आणि सीएसटीच्या आठवणीनं आजही ज्यांच्या पोटात कालवतं, त्या आपल्या वाचकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

चेहरा नव्हे, वागणं आणि जागा

आता थोडं स्पष्ट बोलू. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगामुळे या विषयाला आपल्यासाठी आणखी एक बाजू आहे. ११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनात एका शीख पेट्रोल पंप मालकाला दाढी-फेट्यामुळे 'शत्रू' समजून गोळी घातली गेली. चेहरा पाहून संशय घेणं हा अन्याय तर आहेच, पण तो चुकीचा हिशेबही आहे. लाखो निरपराध माणसांवर पहारा ठेवायचा म्हटलं की खऱ्या कच्च्या दुव्यावर ठेवायला माणूस उरत नाही.

चांगला हिशेब जागेकडे आणि वागण्याकडे बघतो. २००५ पासून न्यूयॉर्कच्या सबवेत बॅगांची तपासणी सुरू झाली, तिचा नियम असा, की येणाऱ्यांपैकी दर अमुकाव्या माणसाची बॅग बघायची. आज दर दहावा, उद्या दर विसावा, पण निवड मोजून. २००६ साली अपील न्यायालयानंही ही तपासणी वैध ठरवली. तिथे आपली बॅग उघडायला सांगितली तर राग मानू नये. मात्र रांग सोडून फक्त आपल्यासारख्यांनाच बाजूला घेतलं जात असेल, तर तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि संशय कशाचा घ्यावा? १ मे २०१० च्या संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या गाडीतून धूर येताना दिसला, तो रस्त्यावर वस्तू विकणाऱ्यांना. त्यांनी पोलिसांना सांगितलं, परिसर रिकामा झाला आणि बॉम्ब फुटायच्या आत निकामी करता आला. रोज त्याच जागी उभं राहणाऱ्याला वेगळं काय ते बरोबर कळतं. धूर सोडणारी बेवारस गाडी ही खबर आहे. शेजारच्या सीटवरची दाढी ही खबर नव्हे.

बॉस्टनचं उदाहरण

सगळे हल्ले रोखता येणार नाहीत. म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे नुकसान कमी करण्याकडेही पाहावं लागतं. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तिघे गेले, २६० हून अधिक जखमी झाले, कित्येकांचे पाय गेले. पण जे जिवंत हॉस्पिटलपर्यंत पोचले, त्यातला एकही दगावला नाही. हे नशीब नव्हे. २०११ आणि २०१२ साली त्या भागात मोठे सराव झाले होते, आणि तेही याच शहरी अनुदानातून. जखमी एकाच हॉस्पिटलात न कोंबता वेगवेगळ्या हॉस्पिटलांत वाटून दिले गेले. आणि जवळ उभ्या असलेल्या साध्या माणसांनी पट्टे, शर्ट जे मिळेल ते आवळून बांधून रक्त थांबवलं.

या तयारीची खुबी अशी, की ती फक्त दहशतवादासाठी कामाला येते असं नाही. रक्त थांबवता येणं हे हायवेवरच्या अपघातातही उपयोगी. मोकळं दार आगीतही उपयोगी. म्हणून शहाणी शहरं आधी अशी कामं करतात, जी चार संकटांत उपयोगी पडतील. अमेरिकेत आता शहरांना दहशतवाद, पूर, वादळ, साथी सगळ्यांचा एकत्रित हिशेब करायला सांगतात, तो याचसाठी.

आता आपलं घर : मंडळाचा हॉल

वाचकहो, आपला गणेशोत्सव डोळ्यांसमोर आणा. शाळेचं सभागृह, पाचसातशे माणसं, मागच्या दाराशी चपलांचा ढीग, बाजूच्या दाराला साड्यांचा स्टॉल टेकलेला, आरतीला दिवे मंद केलेले, आणि बटाटेवड्यांची रांग कॉरिडॉर अडवून उभी. तेच तीन प्रश्न आपणही विचारू.

हल्ल्याचा धोका? फार कमी, पण शून्य म्हणता येत नाही. २०१२ साली विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात आणि २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला. आग, चेंगराचेंगरी, कोणाचं हृदय बंद पडणं यांची शक्यता त्याहून बरीच जास्त. पण कच्चे दुवे पाहा, सगळ्यांचे तेच आहेत : अडवलेली दारं, कोणी काय सांगायचं ते ठरलेलं नाही, आणि मदत बोलवायला पत्ता माहीत नाही. एक दुवा पक्का केला की चारही जोखमी एकदम उतरतात.

म्हणून आमच्या सूचना या :

* हॉलची सगळी दारं आतून उघडतात की नाही हे कार्यक्रमाआधी बघा. त्यांच्यापुढे चपला, स्टॉल, स्ट्रोलर काहीही नको.

* माइकवर कोण बोलणार ते आधी ठरवा, आणि दोन वाक्यं कागदावर लिहून ठेवा. याचं महत्त्व किती? ११ सप्टेंबरला पहिला टॉवर पेटल्यावर दुसऱ्या टॉवरमध्ये 'इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जा' अशी घोषणा झाली होती. आणि २६ नोव्हेंबरला सीएसटीवर रेल्वेच्या उद्घोषकानं काचेमागे बसून, कोणत्या बाजूनं बाहेर पडा ते प्रवाशांना सांगत असंख्य जीव वाचवले. माइक तोच, निरोप वेगळा.

* दाराशी दोन स्वयंसेवक हवेत, हॉलकडे पाठ करून बाहेर बघणारे. ओक क्रीकला बाहेर असलेल्या दोन मुलांनी हल्लेखोर पाहिला आणि धावत आत येऊन सांगितलं, म्हणून अनेकांना लपायला वेळ मिळाला.

* हॉलचा पूर्ण पत्ता आणि दाराचा क्रमांक स्टेजच्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. ९११ ला फोन करणाऱ्या पाहुण्याला तो माहीत नसतो.

* फोन जवळ ठेवणारा एक जण नेमा. पिट्सबर्गच्या रब्बींनी शब्बाथ असूनही फोन जवळ ठेवला होता, कारण सुरक्षा प्रशिक्षणात त्यांना तसं सांगितलं गेलं होतं. म्हणूनच ते लगेच ९११ ला कळवू शकले.

* रक्त थांबवणं आणि सीपीआर यांचं छोटं प्रशिक्षण वर्षातून एकदा ठेवा. आपल्यात डॉक्टर, नर्स भरपूर आहेत, तेच घेऊ शकतील. रक्त थांबवण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ पासून चालू आहे, तिचं साहित्य सहज मिळतं.

* मोठ्या कार्यक्रमाआधी गावच्या पोलिसांना तारीख आणि अंदाजे गर्दी कळवा.

ज्या संस्थांचं स्वतःचं मंदिर किंवा सभागृह आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. ना-नफा संस्थांना कॅमेरे, दारं, कुंपण यांसाठी संघीय अनुदान मिळू शकतं. ही योजना २००५ पासूनची आहे. अटी आणि रकमा वर्षागणिक बदलतात, म्हणून राज्याच्या होमलँड सिक्युरिटी कार्यालयात चौकशी करावी. अर्जासोबत काय लागतं माहीत आहे? आपल्या जागेच्या कच्च्या दुव्यांचं मूल्यमापन! म्हणजे ज्या संस्थेनं हा गृहपाठ आधीच केला आहे, तिचा निम्मा अर्ज झाल्यातच जमा.

शेवटी

हा हिशेब म्हणजे भविष्य नव्हे. कुठला वार, कुठली वेळ हे कोणीच सांगू शकत नाही. पण आपल्या हाती किती पैसा, किती माणसं, किती वेळ आहे, आणि तो आधी कुठे लावायचा, एवढं तो नक्की सांगतो. तहान लागल्यावर विहीर खोदायची नाही, आणि खोदायची ती पाणी आहे तिथेच, एवढंच त्याचं सार.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी हॉलमध्ये सजावटीला जाल तेव्हा मखर लावण्यापूर्वी पाच मिनिटं काढून एक फेरी मारा आणि अडलेली दारं मोजा. जे आढळेल ते कार्यकारिणीला लिहून कळवा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच दगड पुन्हा पायात यायचा नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.